अफवेतून जन्मलेली नटी

पूर्वपक्ष आधी नीट मांडावा आणि मगच त्याला हात घालावा, ही आपल्याकडची जुनी शिस्त. इथे ती पाळायलाच हवी, कारण जिचे खंडन करायचे ती गोष्ट मोठी रंगतदार आहे आणि गेली शंभर वर्षे लोक ती चवीने सांगत आले आहेत.

गोष्ट अशी. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात अमेरिकेतल्या सिनेमा कंपन्या आपल्या नटनट्यांची नावे जाहीर करत नसत. नाव झाले की पगार वाढवून मागतील, ही धास्ती. न्यूयॉर्कच्या 'बायोग्राफ' कंपनीच्या चित्रांत एक नटी वारंवार दिसे. प्रेक्षकांना ती फार आवडे. पण नाव ठाऊक नाही, म्हणून ते तिला 'बायोग्राफ गर्ल' म्हणत. १९०९ मध्ये कार्ल लेम्ली नावाच्या धूर्त निर्मात्याने जादा पगाराचे आमिष दाखवून तिला आपल्या 'इंप' कंपनीत पळवून आणले. पुढच्या वर्षी, ती न्यूयॉर्कमध्ये ट्रामखाली सापडून मेली, अशी वावडी त्यानेच उठवली. लोक हळहळू लागले तसे त्याने जाहिरात छापली की हे आमच्या शत्रूंनी पसरवलेले खोटे आहे, फ्लोरेन्स लॉरेन्स ठणठणीत आहे. मग त्याने तिला सेंट लुईस शहरात लोकांपुढे साक्षात उभे केले. ही झुंबड उडाली. म्हणे लोकांनी तिच्या कोटाची बटणेसुद्धा तोडून नेली. अशा रीतीने जगातली पहिली 'मूव्ही स्टार' जन्माला आली. उत्तरार्ध करुण रसाचा आहे. ती एका आगीत भाजली, मागे पडली, बोलपट आला आणि तिची सद्दी संपली. विस्मृती आणि दारिद्र्य सोसवेना म्हणून १९३८ च्या डिसेंबरात तिने स्वतःचे आयुष्य संपवले.

या गोष्टीत एक माणूस हुशार आहे, एक जमाव भोळा आहे आणि एक बाई आहे, जिच्या बाबतीत सगळे काही घडते. ती स्वतः काही करत नाही. तिला शोधतात, पळवतात, मारतात, जिवंत करतात, जाळतात, विसरतात. माझा आक्षेप इथून सुरू होतो, पण तो केवळ न्यायबुद्धीचा नाही. ही गोष्ट पुराव्याला टिकत नाही, आणि तिची दोन टोके एकमेकांना खोडून काढतात.

आधी ती सांगितली कोणी ते पाहू. हिला ठाशीव रूप मिळाले ते टेरी रॅमसे यांच्या १९२६ च्या 'अ मिलियन अँड वन नाइट्स' या जाडजूड इतिहासग्रंथात. रॅमसे मूळचे पत्रकार, नंतर सिनेमा कंपन्यांच्या प्रसिद्धीच्या कामात मुरलेले. ग्रंथ वाचनीय आहे, पण सिनेमाच्या प्रत्येक वळणावर एखादा कल्पक धंदेवाला उभा आहे, अशी त्यांची दृष्टी. १९३१ मध्ये जॉन ड्रिंकवॉटर या इंग्रज कवीने लेम्लींचे चरित्र लिहिले, तेही नायकाच्या पूर्ण सहकार्याने. तेव्हा लेम्ली युनिव्हर्सल कंपनीचे मालक होते, आणि 'तारे आम्ही घडवतो' हे ऐकायला कुठल्याही मालकाला गोडच लागते. त्याउलट खुद्द लॉरेन्सने १९१४-१५ मध्ये 'फोटोप्ले' मासिकात आपल्या आठवणी क्रमशः प्रसिद्ध केल्या होत्या. त्या रॅमसेंच्या ग्रंथाआधी दहाएक वर्षे छापलेल्या आहेत. साक्षीदार स्वतः बोलून गेलेली असताना तिचा मालक काय म्हणतो हे प्रमाण मानायचे, असला हा इतिहास. १९८० नंतर जॅनेट स्टेगर, आयलीन बाउसर, रिचर्ड डिकॉर्डोवा यांनी जुनी व्यापारी नियतकालिके चाळून या कथेचे बरेच धागे उसवले. पण विद्वानांचे पुस्तक पाचशे लोक वाचतात आणि दंतकथा पाच कोटींपर्यंत जाते, त्याला इलाज नाही.

आता पहिला मुद्दा: नावे लपवण्याचा. लपवायला मुळात काहीतरी असावे लागते. १९०७ पर्यंत अमेरिकेत कंपनीच्या पगारावर कायम राहणारी, आठवड्यामागून आठवडा त्याच चेहऱ्यांनी पडद्यावर येणारी नटमंडळी जवळजवळ नव्हतीच. ज्या दिवशी जो मिळेल तो घ्यायचा. कथाचित्रांची मागणी वाढली, आठवड्याला ठरावीक रिळे पुरवायची वेळ आली, तेव्हा १९०८ च्या सुमाराला कायम संच बांधले गेले. तोच चेहरा पुन्हा पुन्हा दिसल्याशिवाय 'ही कोण?' हा प्रश्न प्रेक्षकाला पडत नाही. आणि तो पडल्यावर उत्तर मिळायला फार तर दीड-दोन वर्षे लागली. १९०९ च्या अखेरीस एडिसन कंपनी रंगभूमीवरच्या पिलार मोरँ या नटीचे नाव पुढे करून चित्रे विकत होती. १९१० च्या जानेवारीत कॅलेम कंपनीने आपल्या सगळ्या संचाचे नावांसकट छायाचित्र व्यापारी पत्रात छापले आणि थिएटरच्या दर्शनी भागात लावायला देऊ केले. व्हायटाग्राफने त्याच वर्षी फ्लोरेन्स टर्नरला मिरवायला सुरुवात केली. फ्रान्समध्ये पाते कंपनीचा माक्स लँदेर तर नावानिशी खपत होता.

एडिसन, कॅलेम, व्हायटाग्राफ, पाते या कंपन्या कोण होत्या? एडिसनने डिसेंबर १९०८ मध्ये पेटंटांच्या जोरावर उभारलेल्या मक्तेदार संघाच्या, म्हणजे 'ट्रस्ट'च्या सभासद. दंतकथेत हा ट्रस्ट खलनायक आहे: तो नावे दडपतो आणि स्वतंत्र बाण्याचा लेम्ली ती उघड करतो. प्रत्यक्षात ट्रस्टवाल्यांतलेच कित्येकजण नावे छापायला लागले होते. हट्टाने गप्प राहिली ती एकटी बायोग्राफ, आणि ती १९१३ पर्यंत राहिली. तिचा हट्ट कुठवर गेला, तर इंग्लंडमध्ये तिची चित्रे विकणाऱ्याने लोकांच्या समाधानासाठी नटांना चक्क बनावट नावे दिली. मेबल नॉर्मंड ही नटी तिकडे म्युरिएल फॉर्टेस्क्यू म्हणून ओळखली जाई. एका कंपनीच्या विक्षिप्तपणावरून सगळ्या धंद्याचा नियम काढणे हा सरळसरळ अतिव्याप्तीचा दोष आहे.

दुसरा मुद्दा पळवून नेण्याचा. इथे आपण थोडे थांबू, कारण लॉरेन्स ही काय चीज होती हे याच भागात कळते.

तिचा जन्म २ जानेवारी १८८६ चा, कॅनडातल्या हॅमिल्टन गावचा. मूळ नाव फ्लोरेन्स ब्रिजवूड. वडील घोडागाड्या बनवणारे. आई शार्लट रंगभूमीवर लॉटा लॉरेन्स या नावाने गाजलेली, स्वतःची फिरती नाटक कंपनी चालवणारी. मुलगी तीन-चार वर्षांची असल्यापासून 'बेबी फ्लो' म्हणून रंगमंचावर शीळ घालून दाखवायची. गावोगावच्या बिऱ्हाडांत, आगगाडीच्या वेळापत्रकावर आणि तिकीटविक्रीच्या हिशेबात ती वाढली. वयाच्या विशीत न्यूयॉर्कला आली, तेव्हा नाटकात काम मिळेना म्हणून सिनेमाकडे वळली. एडिसन कंपनीने 'डॅनिएल बून' या चित्रासाठी तिला घेतले ते घोड्यावर बसता येते म्हणून. दिवसाला ५ डॉलर, दोन आठवडे, ऐन हिवाळ्यात उघड्यावर चित्रण. त्याच चित्रात आईलाही काम मिळाले. पुढे व्हायटाग्राफमध्ये आठवड्याला २० डॉलर पगार होता आणि त्यात अभिनयाबरोबर कपडे शिवण्याचे कामही गृहीत धरलेले असे. १९०८ मध्ये बायोग्राफचा दिग्दर्शक डी. डब्ल्यू. ग्रिफिथ याला घोडेस्वार नटी हवी होती. तिने ती जागा पटकावली: २५ डॉलर, आणि शिवणकाम बंद. 'द गर्ल अँड द आउटलॉ' हे तिथले पहिले चित्र. त्याच वर्षी तिने सहकारी नट हॅरी सोल्टरशी लग्न केले.

पाच डॉलरच्या फरकासाठी कंपनी बदलणाऱ्या या मुलीला 'आमिष दाखवून पळवले' म्हणणे मजेचे आहे. १९०९ मध्ये काय झाले तेही पाहा. तिने आणि सोल्टरने जास्त चांगल्या अटींवर काम मिळेल का, अशी विचारणा शिकागोच्या एसॅने कंपनीकडे पत्राने केली. एसॅने ट्रस्टची सभासद. तिने उत्तर देण्याऐवजी ते प्रकरण बायोग्राफच्या कानावर घातले आणि बायोग्राफने दोघांना तडकाफडकी काढून टाकले. ट्रस्ट हा फक्त पेटंटांचा संघ नव्हता. नोकरांनी एका दारातून दुसऱ्या दारात जाऊ नये याचीही तजवीज त्यात होती. या दोघांना आता ट्रस्टच्या कुठल्याही कंपनीत दार मिळणार नव्हते. लेम्लीने त्याच वर्षी एप्रिलमध्ये ट्रस्टशी फारकत घेतली होती. थिएटरवाल्यांकडून प्रक्षेपकामागे आठवड्याला २ डॉलर उकळले जात त्यावरून तो चिडलेला होता. चित्रे विकत मिळेनात म्हणून स्वतःच बनवायला निघालेल्या त्याला अनुभवी माणसे हवी होती. नोकरी गेलेली नटी आणि नटांच्या शोधात असलेला निर्माता एकमेकांना भेटले. यात पळवापळवी कुठली?

पुढची वर्षे तर दंतकथेच्या सांगण्यातून बहुधा गळूनच जातात. इंपमध्ये वर्षभर काढून १९११ मध्ये ती फिलाडेल्फियाच्या लुबिन कंपनीत गेली. लुबिन ट्रस्टची सभासद! म्हणजे ज्या लेम्लीने तिला 'घडवले' त्याला सोडून ती शत्रूच्या गोटात गेली, आणि त्या गोटाने तिचे नाव लपवण्याऐवजी जोराने छापले. १९१२ मध्ये ती परत लेम्लीकडे आली, पण या वेळी नोकर म्हणून नाही. 'व्हिक्टर' नावाची कंपनी तिच्यासाठी आणि सोल्टरसाठी उभी राहिली, फोर्ट ली या न्यू जर्सीतल्या गावी. तिला आठवड्याला ५०० डॉलर, सोल्टरला दिग्दर्शनाचे २००. चार वर्षांपूर्वी हिचा पगार २० डॉलर होता आणि वर कपडे शिवावे लागत. त्याच उन्हाळ्यात नवऱ्याशी बिनसले तेव्हा तिने निवृत्ती जाहीर केली आणि पुढे ती मागेही घेतली. न्यू जर्सीत शेतीवाडी घेतली, गुलाब लावले. धंद्यातल्या दोन पक्षांना एकमेकांवर खेळवत आपली किंमत वाढवत नेणारी ही बाई कोणाच्या हातचे बाहुले दिसत नाही.

आता मुख्य गाठ: अफवा आणि जाहिरात.

लेम्लीची ती प्रसिद्ध जाहिरात १९१० च्या मार्चमध्ये 'मूव्हिंग पिक्चर वर्ल्ड'मध्ये आली. मथळ्याचा मतलब, आम्ही एका असत्याला खिळा ठोकतो. मजकुराचा सारांश असा की इंपच्या शत्रूंनी सेंट लुईसच्या लोकांत अशी थाप पसरवली की मिस लॉरेन्स ट्रामखाली मेली. तिला काहीही झालेले नाही. ती इंपच्या चित्रांत काम करत राहणार आहे. आणि पुढची चित्रे अमुक-अमुक. या जाहिरातीत तिची ओळख कशी दिली आहे? 'इंप गर्ल', पूर्वीची 'बायोग्राफ गर्ल'. वाचणाऱ्याला ही कोण हे समजावे म्हणून लेम्लीला जुन्या मालकाचे नाव छापावे लागले. जी कीर्ती त्याने त्या जाहिरातीने निर्माण केली असे सांगतात, तीच कीर्ती त्या जाहिरातीत आधारासाठी वापरलेली आहे.

मुळात, जिचा जन्म अजून व्हायचा आहे तिच्या मरणाची अफवा पसरेल कशी? घटकाभर धरून चालू की अफवा लेम्लीनेच उठवली. मग त्या अफवेवर विश्वास ठेवून हळहळणारे लोक लॉरेन्सला आधीपासून ओळखत असले पाहिजेत. ओळखत नसतील, तर अफवेला कोणी विचारले नसते. पूर्वपक्ष एका दमात म्हणतो की ती इतकी लोकप्रिय होती की लेम्लीने तिला पळवले, आणि दुसऱ्या दमात म्हणतो की लेम्लीच्या क्लृप्तीने ती लोकप्रिय झाली. याला आपले शास्त्रकार वदतो व्याघात म्हणतात.

आणखी एक साधी गोष्ट लक्षात घ्यायला हवी. 'मूव्हिंग पिक्चर वर्ल्ड' हे प्रेक्षकांचे मासिक नव्हतेच. ते धंद्याचे साप्ताहिक. थिएटरचे चालक आणि चित्रे भाड्याने देणारे ते वाचत. सिनेमाच्या शौकिनांसाठी पहिली मासिके निघाली ती १९११ मध्ये. तेव्हा ही जाहिरात भोळ्या जमावाला भुलवण्यासाठी नव्हती. ती थिएटरवाल्यांना सांगत होती की ट्रस्टची भीती सोडा, आमच्याकडे चालणारा चेहरा आहे, पुढच्या आठवड्यांची चित्रे आत्ताच मागवा. नटीच्या मरणाइतकीच या जाहिरातीला येणाऱ्या चित्रांच्या खपाची काळजी आहे. शिवाय तिचे छायाचित्र इंपने त्याआधीच, १९०९ संपायच्या आत, जाहिरातीत वापरले होते. 'नाव प्रथमच उघड' हा नाट्यमय क्षण असा एका दिवसावर बोट ठेवून दाखवता येत नाही.

मग लेम्लीचे श्रेय शून्य? तसे म्हणणे दुसऱ्या टोकाला जाणे होईल. त्याने एक गोष्ट खरीच केली. पडद्यावरची सावली आणि रक्तमांसाची बाई एकाच ठिकाणी आणून दाखवली. सेंट लुईसला लॉरेन्स आणि तिचा सहनट किंग बॅगट आले तेव्हा स्थानकावर लोक लोटले याविषयी शंका घेण्याचे कारण नाही. बटणांचे मी सांगत नाही. नट प्रत्यक्ष दाखवला तर तिकिटे खपतात, हे नाटकवाल्यांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होते, लॉटा लॉरेन्सच्या मुलीला तर विशेषच. लेम्लीने ते सिनेमाला लावून पाहिले आणि ते चालले. कंपनीच्या नावाने ओळखली जाणारी कीर्ती दुसऱ्या कंपनीत नेता येते, हे त्याने सिद्ध केले. पण नेता येते याचाच अर्थ ती कीर्ती त्या नटीची होती. प्रेक्षकांनी ती तिला दिली होती, बायोग्राफच्या १९०८-०९ च्या चित्रांतून, कोणी न सांगता.

'पहिली' या विशेषणाबद्दल मी फार भांडणार नाही. फ्लोरेन्स टर्नर तिच्या बरोबरीने उभी आहे, लँदेर बहुधा पुढे आहे, आणि 'पहिले कोण' या शर्यतीत इतिहासाचे फारसे भले होत नाही. तिला हॉलिवूडची पहिली तारका म्हणतात त्याचे मात्र हसू येते. तिच्या उमेदीच्या वर्षांतले काम न्यूयॉर्क, फिलाडेल्फिया आणि न्यू जर्सीत झाले. ती बायोग्राफ सोडून गेल्यानंतर ग्रिफिथ आपला संच घेऊन कॅलिफोर्नियाला पहिल्यांदा गेला. ती हॉलिवूडला आली १९२१ मध्ये, पुनरागमनाच्या आशेने, आणि तिथे तिला तारका म्हणून कोणी उभे केले नाही.

करुण उत्तरार्धाकडे वळू. 'बोलपट आला आणि मूकपटातली मंडळी बुडाली' हे वाक्य कुठल्याही विस्मृत नटीला चिकटवता येते, म्हणून हिलाही चिकटवले गेले. तारखा पाहा. बोलपटाची लाट १९२७ नंतरची. लॉरेन्सची घसरण १९१४ ते १९१६ या दोन वर्षांतली. आणि आवाजाची भीती हिला कशाला वाटावी? तीन-चार वर्षांच्या वयापासून जिने प्रेक्षागृहाच्या शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोचवला, तिला मायक्रोफोन गिळणार होता? बोलपटांत तिने कामेही केली, लहानसहान. १९३६ पासून एमजीएम कंपनीने जुन्या कलावंतांना आठवड्याला ७५ डॉलरवर ठेवले त्यांत ती होती.

खरे कारण दुहेरी आहे. 'पॉन्स ऑफ डेस्टिनी' या चित्राच्या वेळी आगीचा प्रसंग चित्रित करताना ती भाजली, पडली, पाठीला जबर इजा झाली. बरे व्हायला महिने गेले. उपचाराचा खर्च युनिव्हर्सलने उचलला नाही, आणि युनिव्हर्सल म्हणजे पुन्हा लेम्लीच. 'तारे घडवणाऱ्या' मालकाच्या कथेत हे वाक्य सहसा सापडत नाही. १९१६ मध्ये 'इल्यूसिव्ह इझाबेल' करून ती परतली आणि चित्र संपताच कोसळली; चार महिने अंथरुणाला खिळून होती.

दुसरे कारण धंद्याच्या अंगचे. तिची जवळजवळ तीनशे चित्रे बहुतांशी एका रिळाची: सुमारे १००० फूट, दहा-पंधरा मिनिटे. आठवड्याला एक-दोन चित्रे पाडण्याच्या त्या यंत्रणेत ती तयार झाली होती. आणि नेमक्या ज्या दोन वर्षांत ती दुखण्यामुळे बव्हंशी पडद्याबाहेर होती, त्याच दोन वर्षांत अमेरिकन सिनेमा एका रिळावरून पाच रिळांवर गेला. ग्रिफिथचा 'द बर्थ ऑफ अ नेशन' १९१५ चा, बारा रिळांचा. थिएटरे मोठी झाली, तिकिटे महागली, चित्रामागचा खर्च वाढला आणि एका चेहऱ्यावर लावायची रक्कमही. ती रक्कम मेरी पिकफर्डवर लागली. पिकफर्ड १९०९ मध्ये बायोग्राफमध्ये आली, लॉरेन्स गेल्यावर तिथली लाडकी झाली, आणि पुढे इंपमध्येही लॉरेन्सनेच मोकळ्या केलेल्या जागेवर गेली. ती या वळणावर धडधाकट होती, वयाने लहान होती आणि हिशेबाला लॉरेन्सइतकीच पक्की होती. दोघींच्या नशिबातला फरक पाठीच्या मणक्यात शोधावा, स्वरयंत्रात नाही.

मृत्यूविषयी दोनच वाक्ये. तिला हाडांच्या मज्जेचा असाध्य, वेदना देणारा आजार जडला होता आणि २८ डिसेंबर १९३८ रोजी, वयाच्या ५२ व्या वर्षी, तिने जे केले त्याचा विचार त्या आजाराला वगळून करता येत नाही. कीर्ती गेली म्हणून जीव दिला, ही वाक्यरचना वर्तमानपत्रांना सोयीची होती; आपण ती इतक्या वर्षांनी गिरवत बसायचे कारण नाही.

अलीकडे या दंतकथेला एक नवी शाखा फुटली आहे, आणि ती आमच्याच पक्षाची, म्हणजे तिला न्याय मिळावा असे म्हणणारी मंडळी सांगतात म्हणून तिचेही खंडन करणे भाग आहे. मोटारीच्या वळणदर्शक खुणेचा शोध लॉरेन्सने लावला, पुरुषांनी तो चोरला आणि तिचे नाव पुसले, असे आता ठासून सांगितले जाते. तिला मोटारींचे वेड होते हे खरे. १९१४ च्या सुमारास तिने कळ दाबताच मागच्या बाजूला वर येणारा दर्शक हात बसवला होता आणि ब्रेक दाबल्यावर 'थांबा' अशी पाटी वर करणारी योजनाही, असे तिने सांगितले होते. तिच्या कल्पकतेबद्दल माझ्या मनात कौतुकच आहे. पण तिने पेटंट घेतले नाही. वळणाची दिशा दाखवणाऱ्या साधनाचे पेटंट अमेरिकेत त्याआधीच दुसऱ्याने घेतलेले होते. आणि आजच्या मोटारींतले लुकलुकणारे दिवे तिच्या हातापासून उतरत आले, असा दुवा कोणी दाखवलेला नाही. जिने पेटंट घेतले ती तिची आई. शार्लट ब्रिजवूडने १९१७ मध्ये विजेवर चालणाऱ्या काच पुसण्याच्या यंत्राचे पेटंट मिळवले. साठीकडे झुकलेली, नाटक कंपनी चालवून निवृत्त झालेली ही बाई कारखाना काढून बसली होती. खरे तर पुढच्या अभ्यासकाने मुलीपेक्षा आईवर लिहावे. पण ती सिनेतारका नव्हती, म्हणून तिला समाजमाध्यमांवर तेवढे भाव नाहीत.

शेवटी उरतो तो प्रश्न, जो दंतकथा सांगणारे कधी विचारत नाहीत: बाई काम कसे करायची? तो त्यांना पडत नाही, कारण तारका अफवेतून जन्मते असे एकदा मानले की अभिनय पाहण्याची गरज उरत नाही. सुदैवाने या प्रश्नाचे उत्तर पाहता येते. बायोग्राफ कंपनी हक्कनोंदणीसाठी आपली चित्रे चौकटी-चौकटीने कागदावर छापून वॉशिंग्टनच्या काँग्रेस ग्रंथालयात जमा करत असे. नायट्रेटची फिल्म जळून-कुजून गेली, कागद टिकला. पुढे त्यावरून चित्रे पुन्हा फिल्मवर उतरवली गेली. तिच्या इंप आणि व्हिक्टरच्या चित्रांपैकी बहुतेक नष्ट झाली, पण १९०८-०९ ची बायोग्राफ चित्रे मोठ्या संख्येने उपलब्ध आहेत.

ती ओळीने पाहिली तर दंतकथेतली अनामिक सुंदरी कुठेच भेटत नाही. 'द टेमिंग ऑफ द श्रू'मध्ये ती भांडे फेकणारी कॅथरिना आहे. 'द साँग ऑफ द शर्ट'मध्ये उपाशीपोटी शिवत बसलेली शिवणकामवाली, आणि ते शिवणे तिला वेगळे शिकावे लागले नसणार. 'आफ्टर मेनी यर्स'मध्ये ती बुडालेल्या नवऱ्याची वाट पाहणारी बायको. ग्रिफिथने तिच्या दारातल्या चेहऱ्यावरून थेट दूरच्या बेटावरच्या नवऱ्यावर दृश्य नेले, ते याच चित्रात. संकलनाच्या इतिहासात हे चित्र आदराने उल्लेखतात, पण ज्या चेहऱ्यावर ती उडी तोललेली आहे तो कोणाचा हे बहुधा सांगत नाहीत. 'रेझरेक्शन'मध्ये टॉल्स्टॉयची कात्युशा तिने बारा मिनिटांत उभी करायचा प्रयत्न केला आहे. तिथे ती हातवारे फार करते, आणि गंभीर कामांत ती मला सरसकट पटते असे म्हणवत नाही.

विनोदात मात्र तिला तोड नाही. जोन्स दांपत्याची चित्रमालिका, ज्यात जॉन कम्प्सन हा गोलमटोल नट तिचा नवरा, लोकांनी डोक्यावर घेतली होती, आणि ती प्रतिष्ठितपणाच्या नादात दमछाक झालेली मध्यमवर्गीय गृहिणी आजही हसवते. 'लेडी हेलेन्स एस्कपेड'मध्ये ऐषआरामाला कंटाळलेली एक धनिक बाई गंमत म्हणून एका खानावळीत मोलकरीण होऊन राहते. ताटे मांडताना लॉरेन्स दोन बायका एकाच वेळी करते: वाढणारी मोलकरीण, आणि आपण किती झकास मोलकरीण झालो आहोत या कौतुकाने आतल्या आत फुगलेली श्रीमंत बाई. कॅमेरा हललेला नाही, चेहरा जवळून दाखवलेला नाही, शब्द नाही. १९०९ च्या वसंतात निकेलचे नाणे टाकून थिएटरात शिरलेल्या प्रेक्षकाने हे पाहिले, पुढच्या आठवड्यात तीच बाई वेगळ्या वेशात पाहिली, आणि तिकीट फाडणाऱ्याला विचारले की ही कोण आहे. लेम्लीची जाहिरात त्यानंतर जवळपास वर्षभराने आली.